जुनं पडकं घर "आहे तसं" विकताय? आमच्या मावशीचं काय झालं ते वाचा

मावशीचं घर बरीच वर्षं बंद होतं, छत गळतंय, वायरिंग जुनाट, भिंतींना ओल, आणि डागडुजी करायला पैसा नाही म्हणून विकायला काढलं. मग एकाचा फोन आला, घर आहे त्या अवस्थेत घेतो, रोख देतो (म्हणजे कर्ज न काढता), दलाली नाही, काही नाही. वर म्हणे आम्हाला स्वतःला राहायला हवंय. मावशी एकदम खूश, कारण बाकीचे येऊन नुसते नाकं मुरडून जायचे.

आता जुनं घर स्वस्तात घ्यायचं, दुरुस्त करून विकायचं, या धंद्याला माझा विरोध नाहीये. त्यांचा एक ढोबळ हिशेब असतो, दुरुस्तीनंतर घर जेवढ्याला जाईल त्याचे साधारण ७० टक्के धरायचे, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा आणि त्याच्या वर जायचं नाही. म्हणजे १०० ला विकलं जाणारं घर, २० दुरुस्तीला, तर मालकाला ५०. मधल्या ३० मध्ये त्याचं व्याज, कागदपत्रांचा खर्च, रिस्क आणि नफा. हे तोंडावर सांगितलं तर पटलं तर द्या नाहीतर सोडा, सरळ व्यवहार. पण या पार्टीने उलट भाव चांगला सांगितला, इतका की दुसरी गिऱ्हाईकं मावशीनेच परत पाठवली.

खरी गोम करारात होती. टोकन अगदी किरकोळ, मुदत लांबलचक, आणि "पाहणीत समाधान न झाल्यास" त्याला कधीही बाहेर पडायची मुभा, टोकनसुद्धा परत. मावशीला मात्र तेवढ्या काळात दुसऱ्या कोणाला घर दाखवायचीही बंदी. खरेदीदाराच्या नावापुढे बारीक अक्षरात "किंवा ते नेमतील ती व्यक्ती" असं होतं, ते शब्द तेव्हा कोणाच्या डोळ्यात भरलेच नाहीत, आणि सगळा खेळ तिथेच होता. मग इंजिनिअर म्हणून कोणी, कॉन्ट्रॅक्टर म्हणून कोणी अशी माणसं यायला लागली, फोटो काढायची, आणि त्यातल्या एकाने मावशीलाच विचारलं की काकू, फायनल किती पर्यंत सोडाल? म्हणजे हा पठ्ठ्या घर विकत घेतच नव्हता, मावशीचा करारच जास्त भावाने दुसऱ्याच्या गळ्यात मारायला फिरत होता!

गिऱ्हाईक मिळेना तसा सूर बदलला. मुदत संपत आली, मावशीने सामान हलवलं होतं, आणि नेमकं तेव्हा "पाया खचलाय" असा रिपोर्ट आणून भाव धाडकन खाली. आम्ही स्वतः पैसे देऊन स्ट्रक्चरल इंजिनिअर आणला तर भेग फक्त प्लास्टरची निघाली. हे सांगितल्यावर तो म्हणतो मग करार रद्द करायचा असेल तर माझा झालेला खर्च द्या, नाहीतर वर्षानुवर्षं अडकवून ठेवीन. वकिलाने नोटीस दिली तेव्हा कुठे करार रद्द केल्याच्या कागदावर सही करून सुटला, पण तोवर जुनी गिऱ्हाईकं दुसरीकडे घरं घेऊन मोकळी झाली होती.

तुमच्याकडे असं कोणी आलं तर आधी बँकेचं पत्र मागा की रोख खरंच आहे का, नुसतं तोंडी "कॅश बायर" धरू नका. टोकन असं घ्या की सोडून जाताना त्याला टोचलं पाहिजे, पाहणीची मुदत थोड्या दिवसांची ठेवा आणि ती संपल्यावर टोकन परत मिळणार नाही हे लिहून घ्या. करार दुसऱ्याच्या नावावर करायचा तर मालकाची लेखी संमती लागेल, हे कलम घालाच. आणि कागद त्याच्या वकिलाकडून नाही, आपल्या वकिलाकडून वाचून घ्या, "आमचाच वकील दोघांचं बघेल" म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. दुरुस्तीचा अंदाज सही करायच्या आधीच स्वतःच्या माणसाकडून काढून ठेवा, मग ऐनवेळी कोणी पाया खचवायला आला तर रिपोर्ट समोर ठेवता येतो.

आणि हो, पैसे पूर्ण खात्यात येईपर्यंत चावी देऊ नका. साफसफाईला म्हणून मागतात, मागू देत.