नाशिकरोड ते ग्वाल्हेर, पंजाब मेल, थर्ड एसी: सोबत आठ वर्षांचा भाचा

नाशिकरोडला रात्री चढलो, दुसऱ्या दिवशी दुपारी ग्वाल्हेरला उतरलो. गाडीला पाचपैकी पाच. जेवण पुरवणाऱ्या ॲपला शून्य, त्याचं पुढे सांगते.

माझी धाकटी बहीण श्रावणात गेली. तिचा नवरा आधीच गेलेला. तेरावं झाल्यावर ठरलं की मुलगा माझ्याकडे राहील. मी लग्न होऊन ग्वाल्हेरच्या लश्कर भागात आले त्याला वीस वर्षं झाली, पण दर वेळी मीच माहेरी जायचे; भाच्यानं ग्वाल्हेर कधी पाहिलेलंच नव्हतं. सगळे म्हणाले, विमानानं दिल्ली गाठ, लेकराचे हाल नकोत. मला ते पटेना. सकाळी आईच्या खोलीत उठायचं आणि दुपारी परक्या घरात पानावर बसायचं, इतक्या घाईनं त्याला न्यायचं नव्हतं. मध्ये एक रात्र हवी होती. ती या गाडीनं दिली.

कुणाला असंच मूल घेऊन निघायचं असेल तर आधी तिकिटाचं ऐका. पाच ते बारा वर्षांखालच्या मुलाला अर्धं तिकीट आहे, पण 2016 पासून त्यावर बर्थ मिळत नाही. बर्थ हवा तर पूर्ण भाडं. ते भराच. मला वाटलं होतं, कुशीत घेऊन झोपवीन. पण त्या दिवसांत त्याला कुणी जवळ घेतलेलं चालत नव्हतं, अंग चोरायचा. खालचा बर्थ त्याला दिला, मधला मी घेतला. डब्यातल्या अटेंडंटनं काही न विचारता एक जादा चादर आणून दिली. ती मधल्या बर्थखाली खोचून पडदा केला, आणि त्याच्या आत तो बसला. रात्री दोनदा वाकून पाहिलं, जागाच होता. मांडीवर स्टीलचा डबा.

हा डबा त्यानं घरापासून हातातच ठेवला होता. सॅकमध्ये ठेवू म्हटलं तरी नाही. आत शेंगदाण्याची चटणी, बहिणीनं आजारी पडायच्या आदल्या आठवड्यात कुटलेली. अर्ध्याहून कमी उरलेली. तेव्हापासून त्यानं झाकण उघडलं नव्हतं, उघडू दिलंही नव्हतं.

दुसरी गोष्ट सहप्रवाशांची. आपल्याकडे लहान मूल दिसलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, आई कुठंय? कुणी वाईट मनानं विचारत नाही. पण तो प्रश्न यायच्या आत, मूल हात धुवायला गेलं की, समोरच्यांना हळूच सांगून टाका. मी मनमाडनंतर सांगितलं. समोरच्या आजींनी नुसती मान हलवली आणि सकाळी त्याला खिडकीची जागा करून दिली, एवढंच. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

इटारसी गेलं आणि थोड्या वेळानं नर्मदा आली. एसीच्या काचा बंद, त्यामुळे आजींना नाणं टाकता आलं नाही; त्यांनी हात जोडले. भाच्यानं विचारलं, "मावशी, हे पाणी गोदावरीला मिळतं का?" आईच्या अस्थी रामकुंडात सोडताना तो काठावर उभा होता. हो म्हणावंसं फार वाटलं. पण तो नकाशात बघणार हे मला माहीत होतं. म्हटलं, "नाही राजा. गोदावरी पूर्वेला बंगालच्या उपसागराला जाते, ही पश्चिमेला खंभातच्या आखाताला." "बरं," म्हणाला. पूल संपून बुदनीचा घाट लागला, दोन्ही बाजूंना साग, आणि बराच वेळ तो काचेला नाक लावून बसला.

भोपाळला इडली येणार होती. एका खासगी कंपनीच्या ॲपवरून आदल्या दिवशी मागवली, पैसे भरले, आणि त्याला सांगूनही ठेवलं की भोपाळला तुझं खाणं येईल. कुणी आलं नाही. फोन उचलला नाही. गाडी सुटली तरी तो दाराकडे बघत होता. पैसे आठवड्यानं परत आले, पण पैशांचं काय! ज्याची आई "दोन दिवसांत येते" म्हणून दवाखान्यात गेली, त्याला येणार म्हणून सांगितलेलं माणूस न येणं म्हणजे काय असतं, ते मला त्या फलाटावर कळलं. मुलाला खात्री देऊ नका. खाणं घरून बांधून घ्या.

शेजारच्या काकूंनी दिलेल्या पोळ्या होत्या, त्या काढल्या. आणि त्यानं आपणहून डबा पुढे केला. झाकण घट्ट बसलं होतं, मी उघडून दिलं. चटणीला किंचित खवट वास यायला लागला होता. पोळीवर पसरली, गुंडाळी केली, खाल्ली. मलाही एक दिली. मग डब्याच्या कडेवर बोट फिरवत म्हणाला, "यावर ताईकडून लिहिलंय. ताई कोण?"

भांड्यांच्या दुकानात मशीननं ठिपके ठिपके पाडून घातलेली अक्षरं. बहिणीच्या लग्नात मीच दिलेला डबा.

"मी. तुझी आई मला ताई म्हणायची."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. घरातून निघाल्यापासून पहिल्यांदाच.

बिना, ललितपूर झोपेतच गेलं, डोकं माझ्या दंडावर. झाशीला जागा झाला. स्टेशनच्या नावातच आता वीरांगना लक्ष्मीबाई आहे, त्यामुळे गोष्ट निघालीच. पाठीला मुलगा बांधलेली राणी त्याला पुस्तकातून माहीत होती. तो म्हणाला, "तिच्या मुलाचं मग काय झालं?" मला आजवर हा प्रश्न कुठल्या मोठ्या माणसानं विचारलेला नाही. जून 1858 मध्ये राणी ग्वाल्हेरला पडली तेव्हा दामोदरराव नऊ वर्षांचाही नव्हता. राणीच्या माणसांनी त्याला रानावनातून सांभाळलं, पुढे तो इंदूरला राहिला, लग्न झालं, मुलगा झाला, 1906 पर्यंत जगला.

"म्हणजे मोठा झाला?"

"झाला."

दतिया, डबरा, आणि मग किल्ला दिसला. ऑटोत बसताना त्यानं डबा माझ्या हातात दिला, कारण सॅक आणि पाण्याची बाटली दोन्ही त्याला धरायची होती.

आता वर्षश्राद्धाला याच गाडीनं नाशिकला जायचंय. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. ती तारीख त्यानं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेनानं गोल करून ठेवली आहे. खालचा बर्थ या वेळी मला द्यायचा म्हणतोय.