मानदुखीसाठी दातांना मशीन लावू देऊ नका

माझा धाकटा भाऊ हिंजवडीत आयटीत आहे. दिवसभर लॅपटॉपपुढे, त्यामुळे मान-खांदे कायम आखडलेले. कोथरूडमधल्या एका दवाखान्यात तो दात साफ करून घ्यायला गेला, तर डॉक्टरांनी मानेचंच निदान केलं, "तुमची बाइट (वरचे-खालचे दात एकमेकांवर टेकण्याची ठेवण) चुकलीय, म्हणून मान पुढे आलीय." पॅकेज ८५ हजारांचं.

पुढच्या वेळी मी सोबत होते. डॉक्टरांनी त्याला हात बाजूला आडवा धरायला सांगितला, दोन बोटांनी दाबला, हात खाली गेला. मग दातांत कापसाची गुंडाळी देऊन पुन्हा दाबला, तर हात जागचा हलेना. भाऊ थक्क! पण पहिल्यांदा बोटं मनगटावर होती आणि दुसऱ्यांदा कोपराजवळ. खांद्यापासून जितकं लांब दाबाल तितका हात सहज खाली जातो, त्यात दातांचा काय संबंध? भिंतीवरच्या फोटोंतही उपचाराआधीचा माणूस खाली बघतोय, उपचारानंतरचा समोर.

यांचं फावतं, कारण बोलण्यात थोडं तथ्य असतं. डोकं मागे झुकवून दात हलकेच टेकवून बघा, मग हनुवटी छातीकडे नेऊन. टेकायची जागा बदलते. खालचा जबडा मागे असलेल्यांमध्ये डोकं जास्त पुढे आलेलं आढळल्याचे अभ्यासही आहेत. पण दोन्ही एकत्र दिसतात म्हणून एकामुळे दुसरं होतं असं ठरत नाही, आणि बाइट बदलली की मान सरळ होते हे सिद्ध झालेलं नाही.

भावाला दातांवर बसवायची प्लेट दिली इथवर एक वेळ ठीक, ती काढून ठेवता येते. पण नंतर निळा कागद चावायला लावून, जिथे जिथे ठसा उमटला तिथे चांगले धडधाकट दात मशीनने घासून कमी केले. गेलेलं इनॅमल परत येत नाही. आता गार पाण्याच्या घोटालाही त्याला कळ येते, आणि मान आहे तिथेच. याची चीड जात नाही.

मानेसाठी कुणी दात घासायचं म्हणालं तर सरळ उठून या. उपचार लेखी मागा, एक्स-रेची प्रत घ्या, दुसऱ्या डेंटिस्टला दाखवा. हाताला मुंग्या येत असतील किंवा हात बधिर होत असेल तर आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

पैसे परत मागितले तर "प्लेट नीट वापरली नाही" म्हणून खापर भावावरच फोडलं. सगळ्या पावत्या जपून ठेवल्यात. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला २ वर्षांची मुदत असते, आमचे कागद वकिलांकडे दिलेत.