चुंबक चिकटलं नाही म्हणून टायटॅनियम समजले आणि फसले

खिशात रोज ठेवायला हलकं मल्टिटूल (एकातच अनेक घडीची अवजारं) शोधत असाल तर घेण्याआधी हे वाचा, कारण मी ज्या गोष्टीने फसले ती तुम्हालाही अगदी खरी वाटेल.

माझ्याकडे आधीपासून एक मोठं मल्टिटूल आहे, पक्कडवालं, पाव किलोच्या जवळपास. चांगलंच आहे पण खिशात ठेवलं की खिसा लोंबतो, बसताना मांडीला टोचतं, मग हळूहळू ते ड्रॉवरमध्येच राहायला लागलं आणि नेमकं लागायचं तेव्हा जवळ नसायचं. म्हणून हलकं शोधत होते. ऑनलाइन एक दिसलं, बंद केल्यावर लांबी १० सेंटिमीटर, १५ अवजारं, पक्कड, सुरी, करवत, कात्री सगळं, आणि वजन फक्त ६८ ग्रॅम, "संपूर्ण टायटॅनियम बॉडी". फोटो एकदम झकास. ऑफर संपायला इतके तास राहिले म्हणून खाली घड्याळ पळतंय, आणि तसल्या टूलच्या मानाने किंमतही बरीच कमी.

तरी मी लगेच घेतलं नाही हां. विकणाऱ्याला मेसेज केला की हे खरंच टायटॅनियम आहे का, फक्त वरून कोटिंग तर नाही ना. मिनिटभरात उत्तर, "मॅडम, आल्यावर चुंबक लावून बघा, खऱ्या टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही, चिकटलं तर पूर्ण पैसे परत." आता इतक्या ठामपणे कोणी सांगितल्यावर आणि वर तपासायची पद्धतही स्वतःच दिल्यावर शंका कशी राहणार. मी ऑर्डर केली.

आलं, उघडलं, आणि पहिलं काम काय केलं तर फ्रिजवरचं चुंबक काढून मुठीला लावलं. नाही चिकटलं. दोन्ही बाजूंनी लावून बघितलं, नाही चिकटलं. सुरीच्या पात्याला मात्र चिकटलं, तर परत विचारलं, तो म्हणाला पातं स्टीलचंच असतं मॅडम, धार टिकायला तेच लागतं. आणि हे बरोबरच आहे! सुऱ्यांना वापरतात ते ४२०, ४४० सारखं कडक होणारं स्टेनलेस स्टील चुंबकाला चिकटतंच, "स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही" हे सगळ्या स्टेनलेसला लागू नाही. त्याने एक खरी गोष्ट सांगितल्यामुळे माझा दुसऱ्या गोष्टीवरचा विश्वास आणखी पक्का झाला. हातात जरा जड लागलं होतं, पण मला वाटलं भरीव आहे, मजबूत असेल. वजन करून बघायचं डोक्यातच आलं नाही. परत करायची मुदत १० दिवसांची होती ती अशीच निघून गेली.

तीनेक आठवड्यांनी सायकलच्या मागच्या ब्रेकची केबल ढिली झाली म्हणून ती पक्कडीत धरून ओढत होते, दुसऱ्या हाताने नट आवळत होते. काही फार जोर नव्हता, केबल ताणून धरायला लागतो तेवढाच. कट्ट असा आवाज आला आणि जिथे मूठ पक्कडीला पिनने जोडलेली असते तिथला कानच तुटला, मूठ सटकली आणि तळहाताची कातडी मध्ये सापडून चांगला चिमटा बसला, रक्त आलं. नशीब की सुरी उघडी नव्हती.

तुटलेल्या जागी बघितलं तर आतून करडा आणि खरखरीत, ओलं वाळूचं ढेकूळ मोडल्यावर दिसतं तसा दाणेदार. टायटॅनियम इतक्या जोराला आधी वाकेल, असं खापरीसारखं फुटणार नाही. तेव्हा पहिल्यांदा काट्यावर ठेवलं, पूर्ण टूल ११७ ग्रॅम. ६८ कुठे आणि ११७ कुठे.

मग चैन पडेना म्हणून आणखी एक गोष्ट केली, ती जरा नीट सांगते कारण ती घरी कोणालाही जमते आणि तिला फसवता येत नाही. छोटा बारीक वजनाचा काटा घ्या, ज्यात ग्रॅमचा दहावा भाग दिसतो. पिना काढून मी एक मूठ सुटी केली, तिचं वजन ३३.२ ग्रॅम. मग काट्यावर ग्लासभर पाणी ठेवून आकडा शून्य केला आणि मूठ दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला लागणार नाही अशी धरून ठेवली. काटा जो आकडा दाखवतो तेवढं पाणी त्या वस्तूने बाजूला सारलं, म्हणजे तेवढे मिलिलिटर तिचं आकारमान. माझं आलं ५.०. आधी जास्त येत होतं, मग बघितलं तर खाचांमध्ये हवेचे बुडबुडे अडकले होते, ते झटकून परत केलं. ३३.२ भागिले ५ म्हणजे साधारण ६.६. टायटॅनियमची घनता ४.५ च्या आसपास असते, ॲल्युमिनियमची २.७, स्टीलची ७.९ च्या जवळ. ६.६ ते ६.८ ही साच्यात ओतलेल्या जस्ताच्या मिश्रधातूची, ज्याची स्वस्तातली खेळणी आणि नळाच्या मुठी बनतात.

आणि जस्तालाही चुंबक चिकटत नाही. ॲल्युमिनियमलाही नाही, पितळेलाही नाही. म्हणजे त्याने मला जी परीक्षा घ्यायला सांगितली त्यात त्याचा माल पास होणार हे त्याला आधीच माहीत होतं. पैशांपेक्षा मला याचा राग जास्त आहे, कारण मी काळजी घेत होते आणि त्याने माझी काळजीच वापरून घेतली.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. आधी म्हणाला व्हिडिओ पाठवा, पाठवला. मग म्हणाला रफ वापर झालाय, वॉरंटीत बसत नाही. मी पाण्यातल्या वजनाचा व्हिडिओ पाठवला तर म्हणाला "टायटॅनियम फिनिश" असं लिहिलं होतं, आणि खरंच, लिस्टिंगवर आता बॉडीच्या जागी फिनिश असा शब्द होता. माझ्याकडे जुना स्क्रीनशॉट नव्हता. ऑर्डर करायच्या दिवशी पूर्ण पान स्क्रीनशॉट काढून ठेवा, हात जोडून सांगते. नंतर उत्तरं बंद झाली.

रिव्ह्यू तेव्हा कुठे नीट वाचले. चार साडेचार स्टार, पण आत "प्रकाश लांब पडतो", "चार्जिंग छान टिकतं" असलं लिहिलेलं. म्हणजे टॉर्चच्या जुन्या लिस्टिंगवर हे टूल चढवलं होतं आणि स्टार तसेच राहिले होते. मी फक्त स्टार बघितले होते.

वजनाचा आकडा तर घेण्याआधीच पकडता आला असता. लेदरमन या मल्टिटूल कंपनीचं स्केलेटूल बंद असताना साधारण १० सेंटिमीटरचंच आहे, त्यात अवजारं फक्त ७ ठेवलीत, मुठीला मुद्दाम भोकं पाडून वजन कमी केलंय, तरी ते १४२ ग्रॅम भरतं. त्यांचंच वेव्ह प्लस २४१ ग्रॅम. मग तेवढ्याच लांबीत १५ अवजारं ६८ ग्रॅममध्ये कशी बसतील? मूठ टायटॅनियमची केली तरी पाती आणि पक्कड स्टीलचीच, म्हणजे वाचून वाचून मुठीचंच वजन वाचणार. खरोखर हलकं पाहिजे तर काहीतरी सोडावंच लागतं. व्हिक्टोरिनॉक्सचं क्लासिक एसडी ५८ मिलिमीटरचं, २१ ग्रॅमच्या आसपास, छोटी सुरी, कात्री, कानस आणि बारीक स्क्रू ड्रायव्हर, चिमटा, पण पक्कड नाही. आपल्याला रोज नक्की काय लागतं ते आठवडाभर लिहून काढलं तर कळतं. मी काढलं, पक्कड एकदाच लागली होती, कात्री रोज.

तसंच पात्यावर नुसतं "४४०" कोरलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही, ४४० ए, बी आणि सी वेगवेगळे असतात आणि सी मध्ये कार्बन बराच जास्त असतो. माझ्या टूलवर नुसतं ४४० च होतं आणि खिशातल्या घामाने दोन आठवड्यांत पिनेजवळ गंजाचे ठिपके आले होते, मी ते तेव्हा पुसून टाकले.

टूल आलं की त्याच दिवशी वजन करा, मुदत संपायच्या आत. पक्कडीने जाड तार वाकवून बघा, सुरी उघडल्यावर लॉक होते का आणि पातं डावीउजवीकडे हलतं का बघा, आणि हे सगळं उघडतानाच्या व्हिडिओत येऊ द्या.

काल सहज शोधलं तर तेच टूल, तेच फोटो, विकणाऱ्याचं नाव वेगळं. वजन आता ६५ ग्रॅम लिहिलंय, आणि खाली कोणीतरी विचारलंय की खरं टायटॅनियम आहे का. उत्तर आहे, चुंबक लावून बघा. मी त्याच्या खाली ३३.२ आणि ५.० हे दोन आकडे आणि पाण्यातला फोटो टाकलाय, लिस्टिंगची तक्रारही केलीय.