एका गोल्डन इमेजवर २४० डेस्कटॉप: होरायझनच्या इन्स्टंट क्लोनचा नऊ महिन्यांचा अनुभव

आमच्या सहकारी बँकेच्या शाखांतील २४० व्हर्च्युअल डेस्कटॉप (सर्व्हरवर चालणारे आणि शाखेतून जोडून वापरायचे संगणक) गेल्या नऊ महिन्यांपासून होरायझनच्या इन्स्टंट क्लोन पूलवर, म्हणजे एकाच मूळ मशीनवरून झटपट बनवलेल्या प्रतींच्या संचावर, चालत आहेत. २०२४ पासून ओम्निसा या कंपनीकडे असलेले हे उत्पादन पूर्वी व्हीएमवेअरचे होते. त्या काळातील लिंक्ड क्लोन (प्रती बनवण्याची जुनी पद्धत) आणि त्यांचे रिकंपोज (त्या प्रती नव्या इमेजवर पुन्हा बांधणे) ज्यांनी रात्री जागून केले आहे, त्यांना इथला फरक पहिल्याच महिन्यात जाणवेल.

पद्धत थोडक्यात सांगतो. एका व्हर्च्युअल मशीनवर विंडोज, बँकेचे सॉफ्टवेअर आणि होरायझन एजंट (मशीनला होरायझनशी जोडणारा प्रोग्राम) बसवायचा; हीच गोल्डन इमेज. ते मशीन बंद करून स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या स्थितीची जतन केलेली प्रत) घ्यायचा आणि पूलला तो स्नॅपशॉट दाखवायचा. सर्व डेस्कटॉप फक्त वाचता येणाऱ्या एकाच प्रतीवर उभे राहतात आणि प्रत्येकाचे बदल तेवढे वेगळ्या छोट्या डिस्कवर लिहिले जातात. आमच्या पूलमध्ये वापरकर्त्याने लॉग ऑफ केले की ते मशीन पुसले जाऊन नवे तयार होते. त्यामुळे अद्ययावत करायची असते ती एकच इमेज, आणि नवा स्नॅपशॉट पुश केला, म्हणजे पूलला लागू केला, की पूल त्यावर सरकतो.

मायक्रोसॉफ्टचे पॅच (विंडोजच्या दुरुस्त्या) महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्री उशिरा येतात. बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. चौथ्या शनिवारी पुश करायचे ठरवले, तर मध्ये कधी ११ तर कधी १८ दिवस मिळतात आणि तेवढ्यात नवी इमेज दहा मशीनच्या चाचणी पूलवर नीट वापरून पाहता येते. ही सवय मला सर्वांत उपयोगी वाटली.

खरी अडचण आली ती लॉग ऑफची. पुश करताना दोन पर्याय असतात: वापरकर्ते लॉग ऑफ होईपर्यंत थांबायचे किंवा सूचना देऊन त्यांना बाहेर काढायचे. आम्ही सौजन्य म्हणून पहिला निवडला. परंतु काउंटरवरचे सहकारी दिवसाच्या शेवटी स्क्रीनवरची डेस्कटॉपची खिडकी बंद करून उठतात, म्हणजे ते फक्त डिस्कनेक्ट होतात आणि त्यांचे सत्र जुन्या इमेजवर तसेच उभे राहते. पहिल्या पुशनंतर बुधवार उजाडला तरी पूलमधली बरीच मशीन जुन्याच स्नॅपशॉटवर होती. एकाच शाखेत दोन टेबलांवर दोन वेगवेगळ्या आवृत्त्या चालत असल्याने कोणाची तक्रार कोणत्या इमेजची आहे, हेच कळेना. शेवटी डिस्कनेक्ट झाल्यावर काही तासांनी आपोआप लॉग ऑफ करण्याचे सेटिंग आम्ही लावले आणि शाखांना तसे लेखी कळवले. हे पहिल्या दिवशीच करायला हवे होते.

इमेज सील करण्याच्या, म्हणजे स्नॅपशॉट घेण्याआधी ती अंतिम करण्याच्या, कामात घाई चालत नाही. बंद करण्यापूर्वी डीएचसीपीचा (नेटवर्कने आपोआप दिलेला) पत्ता सोडणे, विंडोज अपडेट सेवा बंद ठेवणे आणि अँटिव्हायरसची नोंदणी-ओळख पुसणे आवश्यक आहे. एकदा यातली शेवटची पायरी माझ्याकडून राहिली. अँटिव्हायरसच्या कन्सोलवर अनेक मशीन एकाच नावाखाली दिसू लागली, म्हणजे खरोखर किती संरक्षित आहेत हे सांगणे अशक्य झाले. तेव्हापासून पायऱ्यांची यादी छापून समोर ठेवतो आणि स्नॅपशॉटच्या नावात तारखेसोबत बदलाचे दोन शब्द लिहितो.

त्या नावांचा उपयोग सहाव्या महिन्यात झाला. पुशनंतर सोमवारी सकाळी पासबुक प्रिंटरवर ओळी खाली सरकून छापल्या जाऊ लागल्या, कारण इमेजमध्ये प्रिंटरचा नवा ड्रायव्हर गेला होता. आम्ही मागील महिन्याचा स्नॅपशॉट निवडला, या वेळी सूचना देऊन सर्वांना बाहेर काढले आणि तोच पुश उलट दिशेने केला. दुपारच्या गर्दीपूर्वी सर्व काउंटर पूर्वीसारखे चालू झाले. पूर्वी एकेका संगणकावर जाऊन ड्रायव्हर काढताना आमचे दोन दिवस गेले असते.

जुना स्नॅपशॉट पुसून जागा वाचवण्याचा मोह मी तेव्हापासून टाळतो आणि किमान दोन मागील स्नॅपशॉट ठेवतो. चाचणी पूलमध्ये आता एका शाखेचा पासबुक काउंटरही आहे, आणि तेथील लिपिक मॅडमनी खऱ्या पासबुकाचे पान छापून होकार कळवल्याशिवाय इमेज मुख्य पूलकडे जात नाही.