टेक्सासच्या लांब रस्त्यांवर जिओकॅशिंग : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

एखाद्या शहरात राहून फावल्या वेळात जिओकॅशिंग, म्हणजे जीपीएसच्या मदतीने लपवलेल्या डब्या शोधण्याचा खेळ, सुरू करणे वेगळे आणि टेक्साससारखे राज्य ओलांडता ओलांडता ते शिकणे वेगळे. या राज्याचे क्षेत्रफळ सुमारे ६ लाख ९५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक आहे, आणि लुइझियानाच्या सीमेपासून एल पासोपर्यंत एकटा आय-१० महामार्गच सुमारे ८८० मैल धावतो. कामानिमित्त मला या रस्त्यावरून वरचेवर जावे लागते. गेल्या पानगळीच्या सुरुवातीला, निदान थांबायला काही निमित्त असावे म्हणून, जिओकॅशिंगचे अधिकृत अ‍ॅप मी फोनवर घेतले. माझे मत आधीच सांगून टाकतो: मोठ्या राज्यात या खेळाचा खरा उपयोग कुठे थांबायचे हे ठरवण्यासाठी होतो, आणि त्यासाठी अ‍ॅपमधल्या दिशा दाखवणाऱ्या बाणापेक्षा आदल्या रात्री केलेली निवड अधिक कामाला येते.

ज्यांना हा प्रकारच नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात पार्श्वभूमी देतो. नागरी जीपीएसच्या अचूकतेवर अमेरिकी सरकारने मुद्दाम घातलेली मर्यादा २ मे २००० रोजी उठली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर या गृहस्थांनी ओरेगनमध्ये एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. तेव्हापासून पद्धत तीच आहे. कोणीतरी डबी लपवतो, तिचा ठावठिकाणा नोंदवतो, आपण ती शोधतो, आतल्या कागदावर नाव व तारीख लिहितो आणि डबी होती तशी परत ठेवतो. डबीत लहानसहान वस्तू असल्या तर एक घ्यावी आणि तेवढ्याच किंवा जास्त मोलाची दुसरी ठेवावी. खाद्यपदार्थ मात्र कधीही ठेवू नयेत, कारण वासाने प्राणी डबी फोडतात.

सुरुवातीला वेगळे जीपीएस यंत्र घेण्याची काहीच गरज नाही, फोन पुरतो. जिओकॅशचे, म्हणजे अशा लपवलेल्या डबीचे, स्थान अंश आणि दशांश मिनिटांत दिलेले असते. मिनिटाचा तिसरा दशांश अंक एकाने बदलला तर उत्तर-दक्षिण दिशेत सुमारे १.८५ मीटरचा फरक पडतो, त्यामुळे आकडे बारीक दिसले तरी जमिनीवर ते बोटाएवढ्या जागेवर नेऊन ठेवत नाहीत. मोकळ्या आकाशाखाली फोनची चूक साधारण पाच मीटरची, दाट झाडीत त्याहून जास्त, आणि डबी लपवणाऱ्याच्या यंत्राचीही तेवढीच. शेवटच्या टप्प्यात बाण गोल गोल फिरू लागला म्हणून अ‍ॅप बिघडले असे समजू नये. तिथून पुढचे काम डोळ्यांचे असते.

सदस्यत्वाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण नवख्याचा गोंधळ तिथेच होतो. फुकट सदस्यत्वावर अ‍ॅपमध्ये सोप्या, पारंपरिक प्रकारच्या (दिलेल्या ठिकाणीच डबी असलेल्या) जिओकॅश उघडतात आणि बाकीच्या बऱ्याचशा कुलूपबंद दिसतात, त्यांतल्या काही संकेतस्थळावरून मात्र पाहता येतात. शहरात फिरणाऱ्याला एवढे महिनोन्महिने पुरेल. लांबच्या प्रवासात पैसे भरून घेतलेले सदस्यत्व एकाच सोयीसाठी उपयोगी वाटले: नकाशा, वर्णन, डबी शोधायला मदत करणारी सूचना आणि आधीच्या शोधकांच्या नोंदी असा सगळा मजकूर यादी करून फोनमध्ये उतरवून घेता येतो. जंक्शन नावाचे गाव ओलांडून ओझोना आणि फोर्ट स्टॉकटनकडे निघाले की मोबाइलची रेंज मैलोन्मैल येत-जात राहते, आणि मुख्य रस्ता सोडून दक्षिणेला वळले तर ती येतच नाही. अशा वेळी न उतरवलेली माहिती म्हणजे नुसता करडा पडदा. अँड्रॉइड वापरणाऱ्यांसाठी सी-जिओ नावाचे फुकट अ‍ॅप आहे. तेही माहिती साठवून ठेवते, पण त्याची मांडणी नवख्याला जरा किचकट वाटेल.

निवड कशी करावी, हा माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग. प्रत्येक जिओकॅशला शोधण्याची काठिण्यपातळी आणि वाटेची खडतरता असे दोन आकडे असतात, दोन्ही १ ते ५ मध्ये, अर्ध्या-अर्ध्या पायरीने. पहिल्या महिन्यात दोन्ही आकडे दीडच्या आत ठेवावेत, हा नेहमीचा सल्ला बरोबरच आहे. पण तो तंतोतंत पाळला तर तुमचा निम्मा वेळ दुकानांच्या पार्किंगमध्ये जाईल. तिथल्या दिव्याच्या खांबाच्या पायथ्याशी बोल्ट झाकणारे पत्र्याचे चौकोनी आवरण असते. ते वर सरकवले की कर्र असा आवाज होतो आणि आत फिल्मची जुनी डबी सापडते. पहिल्यांदा मजा वाटते, पाचव्यांदा कंटाळा येतो, आणि त्या आवरणाखाली ब्लॅक विडो जातीचे विषारी कोळी राहू शकतात, म्हणून हात घालण्याआधी आत उजेड टाकून पाहणे आवश्यक. मी पुढे आकड्यांऐवजी पसंतीचे गुण पाहू लागलो. पैसे भरणाऱ्या सदस्याला दहा शोधांमागे असा एकच गुण देता येतो, त्यामुळे लोक तो जपून वापरतात. त्याबरोबर शेवटच्या चार-पाच नोंदी वाचाव्यात. त्यांत ओळीने ‘सापडली नाही’ असे असेल, तर ती डबी बहुधा गेलेली असते आणि तिच्यासाठी वीस मैल वाट वाकडी करण्यात अर्थ नसतो.

महामार्गालगतच्या विश्रांतीच्या जागा सुरुवातीसाठी उत्तम. हिवाळ्यात वडील पुण्याहून आले होते, तेव्हा ओझोनाच्या पुढे अशाच एका छपराखालच्या टेबलापाशी आम्ही थांबलो. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मोजणीच्या यंत्रांत आयुष्य गेलेले, त्यामुळे फोन आधी त्यांच्याच हातात होता.

“अरे, हा बाण आता काहीही सांगतोय.”

“बाबा, शेवटच्या दहा-पंधरा फुटांत तो असंच करतो. आता आपणच शोधायचं.”

“मग फोन ठेव खिशात आणि दगड बघ. इथले सगळे दगड वरून पांढुरके आहेत. हा एकच बघ, मातीचा डाग वर आलाय. कोणीतरी उलटा ठेवलाय हा.”

त्या दगडाखाली हिरव्या-तपकिरी चिकटपट्टीत गुंडाळलेली प्लास्टिकची डबी होती. उन्हाने तिचे झाकण तडकले होते, आतली वही मात्र वेगळ्या पिशवीत असल्यामुळे कोरडी राहिली होती. वडिलांनी तीत देवनागरीत सही केली आणि दगड पुन्हा मातीची बाजू वर करूनच ठेवायला लावला. नंतरचे बरेच शोध मला या एका निरीक्षणामुळे जमले: जागेवर जे विसंगत दिसते ते आधी तपासावे. वायुवाहिनीला न जोडलेला पाइप, बोल्ट नसलेल्या ठिकाणचा नट, एकाच बाजूला रचलेल्या काटक्या.

टेक्सासमधली बहुतेक जमीन खासगी मालकीची आहे, आणि ही गोष्ट सह्याद्रीत कोणत्याही पायवाटेने चढण्याची सवय असलेल्या माणसाने मनावर घ्यायला हवी. इथे झाडावर किंवा कुंपणाच्या खांबावर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे दिसले, तर कायद्याने त्याचा अर्थ ‘प्रवेश बंद’ असाच होतो, पाटी असो वा नसो. पट्टा किमान आठ इंच लांब व एक इंच रुंद असतो आणि त्याचे खालचे टोक जमिनीपासून तीन ते पाच फुटांवर असते. बाण कुंपणापलीकडे नेत असेल तर वर्णन पुन्हा वाचावे, बहुतेक वेळा डबी अलीकडच्या बाजूलाच असते. जाता जाता आणखी एक स्पष्ट सांगतो. लहान गावात अंधार पडल्यावर आपल्यासारखा सावळा, अनोळखी माणूस खांबापाशी वाकून काही चाचपडतो आहे, हे दृश्य लोकांना संशयास्पद वाटणारच. मी सूर्यास्तानंतर शोधत नाही, आणि कोणी विचारलेच तर सरळ फोन दाखवून खेळ समजावून सांगतो. आजवर त्यातून गप्पाच झाल्या आहेत, वाद झालेला नाही.

राज्य उद्यानांचा अनुभव सर्वांत समाधानकारक. तिथे परवानगीनेच डब्या ठेवता येतात, त्यामुळे वाट साधारणपणे धड असते, आणि वार्षिक पास घेतला की त्याच गाडीतल्या सगळ्यांचे प्रवेशशुल्क माफ होते. राष्ट्रीय उद्यानांत अशा डब्या मनाला येईल तशा ठेवू देत नाहीत, पण तिथे अर्थकॅश हा प्रकार भेटतो. त्यात डबी नसतेच. भूरूप पाहून दिलेल्या प्रश्नांची उत्तरे ते प्रश्न घालणाऱ्याला पाठवायची असतात. बिग बेंड राष्ट्रीय उद्यानाच्या दऱ्यांमध्ये आणि राज्याच्या अखत्यारीतल्या एन्चांटेड रॉकच्या गुलाबी ग्रॅनाइटवर मला हा प्रकार विशेष आवडला. एन्चांटेड रॉकचा घुमट पायथ्यापासून सुमारे ४२५ फूट उंच आहे. त्याचे थर कांद्याच्या पापुद्र्यासारखे का सुटतात, हे त्या प्रश्नांमुळे थांबून बघावे लागते, नाहीतर आपण वर जाऊन फोटो काढून उतरलो असतो. शनिवार-रविवारी हे उद्यान लवकर भरते आणि फाटक बंद होते, म्हणून आरक्षण करूनच निघावे.

टेक्सासमध्ये २५४ काउंटी, म्हणजे जिल्ह्यासारखे विभाग, आहेत आणि प्रत्येकीत निदान एक डबी शोधण्याचा ध्यास घेतलेली मंडळी इथे भेटतात. २०२० च्या जनगणनेत अवघी ६४ माणसे असलेली लव्हिंग काउंटीही त्यांच्या यादीत असते. नवख्याने एवढ्यात या नादी लागू नये असे माझे मत आहे. पण वाटेत लागणाऱ्या काउंटीच्या गावी न्यायालयाच्या जुन्या इमारतीभोवतीच्या चौकात एकदा थांबायला हरकत नाही. लॉकहार्टची १८९४ ची इमारत मी अशाच एका थांब्यात पाहिली, एरवी त्या गावात लोक थांबतात ते बार्बेक्यूसाठी.

सामानात टोकदार पेन्सिल, केस उपटायचा लहान चिमटा, बागकामाचे हातमोजे आणि विजेरी एवढे पुरे. चिमटा अनावश्यक वाटेल, पण करंगळीएवढ्या धातूच्या नळीतून गुंडाळलेला कागद बोटांनी निघत नाही. पाय कुठे टाकतो आहोत ते मात्र सतत पाहावे. पूर्व आणि मध्य टेक्सासात भुसभुशीत मातीचा लहानसा ढीग दिसला की तो आगमुंग्यांचा समजावा. त्यांच्या चाव्याला दुसऱ्या दिवशी पांढरा फोड येतो आणि आठवडाभर खाज राहते. पश्चिमेला दगड हाताने उचलण्याआधी काठीने हलवावा, कारण तिथे रॅटलस्नेक जातीचे विषारी साप असतात.

हंगामाचा विचार करता ऑक्टोबर ते एप्रिल हाच खरा काळ. जूनपासून दुपारचा पारा सहज ३८ अंशांवर जातो, धातूची डबी हातात धरवत नाही आणि गाडीच्या काचेवर लावलेला फोन तापून बंद पडतो. म्हणून वर्षाचे सदस्यत्व घेण्याऐवजी प्रवास असेल त्या महिन्यांपुरते घ्यावे आणि उन्हाळ्यात फुकटच्या खात्यावर घराजवळच्या सावलीतल्या डब्या शोधाव्यात. मी माझे सदस्यत्व मेअखेर थांबवले आहे, ऑक्टोबरात एल पासोच्या फेरीआधी पुन्हा सुरू करीन.