पाकिटांचं दुकान की ताजं दळण? सांगलीत लो-कार्बचा धंदा मांडताना

सांगलीत लो-कार्बचं, म्हणजे पिष्ट आणि साखर कमी असलेल्या खाण्याचं, दुकान काढायचं म्हणजे बेदाण्याच्या पेठेत बसून बेदाण्याला नाही म्हणायचं. माझ्या दुकानात पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त विचारणा बेदाण्याचीच झाली. काचेआड बदाम-अक्रोड दिसले की लोक सुकामेव्याचं दुकान समजून आत यायचे. शंभर ग्रॅम बेदाण्यात पाऊणशे ग्रॅमच्या वर कार्ब असतात असं सांगितलं की गावाचीच बदनामी केल्यासारखं बघायचे. एकाने तर विचारलं, "मग उसाच्या जिल्ह्यात तुम्ही आलाच कशाला?"

हा धंदा करायचं मनात असलेल्यांपुढे साधारण दोन वाटा असतात. एक, गाळा घेऊन बाहेरून तयार पाकिटं आणायची आणि विकायची: बदामाचं पीठ, शुगर फ्री बिस्किटं, किटो (अगदीच कमी कार्बचा) चिवडा, एरिथ्रिटॉल ही साखरेऐवजी वापरायची गोड पूड वगैरे. दुसरी, कच्चा माल आणून ऑर्डरप्रमाणे स्वतः भाजून, दळून द्यायचा. मी दोन्ही केलंय. चौदा महिने विश्रामबागेत गाळा चालवला आणि आता घराच्या पुढच्या खोलीत दळतो. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते एका माणसाच्या अनुभवाइतकंच धरा. तुमचा गाळा, तुमची गिऱ्हाइकं आणि तुमच्या घरची माणसं वेगळी असणार.

परवान्यांच्या बाबतीत दोन्हींत फारसा फरक नाही. मोजकीच माणसं कामाला असतील तर शॉप अॅक्टची नुसती सूचना द्यावी लागते. अन्न सुरक्षेची छोटी नोंदणी मी केली तेव्हा वर्षाला १०० रुपयांत झाली होती. मालाच्या धंद्याला असलेली जीएसटी नोंदणीची ४० लाखांच्या उलाढालीची रेषा पहिल्या वर्षी आपल्याला दुर्बिणीतूनही दिसत नाही. फरक पडतो तो लेबलात. पाकीट दुसऱ्याचं असलं की घटक, वजन, तारीख, पोषणमूल्यं हा सगळा ताप बहुतांशी त्याचा. स्वतः भरून विकायचं तर तो आपल्या गळ्यात.

आधी दुकानाच्या बाजूने बोलतो, कारण त्या बाजूलाही बरंच आहे. रॅकवर ओळीने लावलेली पाकिटं बघून नव्या माणसाला विश्वास वाटतो. घरातून दिलेल्या पिठाला तो विश्वास कमवायला मला वर्ष लागलं. दुकान सकाळी उघडायचं, रात्री वाढवायचं, मधे आपली आपण भाकरी खायची. स्टीव्हिया आणि एरिथ्रिटॉल काही घरी तयार होत नाहीत, ते पाकिटातच येतात. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात, एखाद्या मोठ्या इस्पितळाच्या वळणावर गाळा मिळाला, तर आहारतज्ज्ञाचा कागद हातात घेऊन येणारं गिऱ्हाईक रोज दारात असतं आणि त्याला समजावायलाही लागत नाही. गाळा मात्र बघून घ्या. नदीकडच्या पेठांत वर्दळ असते हे खरं, पण २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ ची. २०२१ ला पाणी पुन्हा आलं. बदामाची पोती पोटमाळ्यावर चढवणं काय असतं ते ज्यांनी चढवलीत त्यांना विचारा.

दुकानातल्या बारीकसारीक कटकटी मी धरत नाही. लोक यायचे, पाकिटाचा फोटो काढायचे आणि बाहेर स्कूटरवर बसून मोबाइलवर स्वस्तात मागवायचे. हे आता कपड्यांच्या दुकानातही होतं. 'शुगर फ्री' लिहिलेल्या बिस्किटाच्या घटकांत पहिलं नाव मैद्याचं असायचं. तो शब्द नियमात बसतो, कारण शंभर ग्रॅममागे साखर अर्ध्या ग्रॅमच्या आत असली की तसं छापता येतं. पण मैद्याचे कार्ब जातात कुठे? आणि साखरेऐवजी माल्टिटॉल घातलेलं चॉकलेट एका बैठकीत संपवलेल्या एका तरुणाने दुसऱ्या दिवशी येऊन पोटाची जी हकिकत सांगितली ती इथे लिहिण्यासारखी नाही. या सगळ्यासकट दुकान चाललं असतं.

मला नडल्या त्या तारखा.

दर रविवारी रात्री दुकान वाढवल्यावर मी तारखांची वही काढायचो. रॅकमधलं एकेक पाकीट उलटं करायचं, तारीख लिहायची, जवळची पुढे घ्यायची, लांबची मागे सारायची. सुरुवातीला यात हिशेबीपणाचं समाधानही वाटायचं. सहाव्या-सातव्या महिन्यापासून मात्र रविवार आला की पोटात गोळा यायला लागला. बदामाच्या पिठाचं आयुष्य पाकिटावर सहा महिने, त्यातले दोन-अडीच महिने कुणाच्या तरी गोदामात गेलेले. उरलेल्या साडेतीन महिन्यांत ते आमच्याकडे विकलं गेलं पाहिजे. पण गिऱ्हाईक पाकीट उचलतं, उलटं करतं आणि आधी तारीख बघतं, कार्ब नंतर. दोन महिन्यांच्या आत आलेलं पाकीट ते गुपचूप परत ठेवतं. म्हणजे खरी विक्री सहा आठवड्यांचीच. पुण्याहून यायचा तो अख्खा खोका. चार पाकिटं द्या म्हटलं तर कुणी देत नाही. न खपलेला माल परत घेण्याबद्दल ठोक विक्रेत्याची बोली 'बघू की' अशी होती. ते 'बघू की' चौदा महिने चाललं.

मग उरलेलं घरी यायचं. बदामाची बिस्किटं, नारळाच्या पिठाचा ब्रेड, कसलेकसले बियांचे बार. फेकवत नाही, कारण एकेका पाकिटाला आम्ही गिऱ्हाइकाकडून केवढे पैसे मागतो ते आम्हालाच ठाऊक. अण्णा संध्याकाळी चहाला बसले की विचारायचे, "आज काय संपलं रे?" संपलं म्हणजे डब्यातलं नव्हे, तारखेचं. बायको म्हणाली, "सांगलीत सगळ्यात महाग नाश्ता आपल्याकडं होतो, आणि तो आवडतो म्हणून कुणीच खात नाही."

तेवढ्यावरही मी तग धरला असता. पण एक दिवस आमचे नेहमीचे, निवृत्त झालेले गुरुजी दळलेल्या जवसाचं पाकीट परत घेऊन आले. मी तारीख बघितली, तीन आठवडे शिल्लक होते. म्हटलं, "गुरुजी, तारीख आहे की अजून." ते म्हणाले, "तारीख कागदावर आहे बाळा. वास पाकिटात आहे." मी हुंगून बघितलं. चक्क खवट. पैसे परत दिले आणि त्याच रात्री त्या खोक्यातली उरलेली सगळी पाकिटं फोडून हुंगली. निम्म्याहून जास्त तशीच निघाली.

या धंद्याची गोम मला तेव्हा कळली, आणि ती आधी कळायला हवी होती. गव्हाच्या पिठात शंभर ग्रॅमला स्निग्धांश दीड-दोन ग्रॅम. जवसात चाळीसच्या वर, बदामात पन्नासच्या आसपास. म्हणजे कार्ब काढले की त्यांच्या जागी बहुतेक वेळा तेल येऊन बसतं. दाणा अख्खा आहे तोवर ते तेल आत सुरक्षित असतं. दळला की त्याला हवा लागते आणि खवटपणा सुरू होतो. जवसातलं तेल यात सगळ्यात नाजूक, कारण त्यात हवेने लवकर बिघडणारं ओमेगा-३ भरपूर. वर आपल्याकडचा एप्रिल-मे, आणि माल आलेला असतो ट्रॅव्हल्सच्या डिकीतून. किराणा दुकानात मैदा जसा सहज खपतो आणि खपेपर्यंत टिकतो, तसं इथे होत नाही. आपला माल हळू खपतो आणि लवकर बिघडतो. पाकिटाच्या धंद्याला याहून वाईट जोडी नाही.

अख्खं जवस मात्र बंद डब्यात महिनोन् महिने राहतं. अख्खे बदाम, तीळ, कारळे यांचंही तसंच. म्हणून मी उलटं केलं: साठवायचं अख्खं आणि दळायचं मागणी आली की.

या वाटेलाही काटे आहेत, लपवत नाही. पहिला अडथळा गिरणीचा. कोपऱ्यावरच्या गिरणीत आपल्या दळणाआधी कुणाचा तरी गहू होऊन गेलेला असतो आणि आपल्या डब्यात पहिल्यांदा पडतं ते त्याचंच पीठ. लो-कार्ब म्हणून विकायचं आणि त्यात गहू जायचा, हे मनाला पटेना. शिवाय तेलकट दाणा आणला की गिरणीवाला हात जोडतो, त्याच्या दगडाला लगदा बसतो. त्याचंही बरोबर आहे. शेवटी स्वतःची यंत्रं घेतली. बदाम सलग फिरवले की पिठाऐवजी लोणी होतं. ते आधी फ्रीजमध्ये गार करायचे, थोडे थोडे घालून थांबत थांबत फिरवायचे आणि चाळायचे. हे शिकेपर्यंत आम्ही बदामाचं लोणी बरंच खाल्लं. आमच्या लो-कार्ब भाकरीच्या पिठात चिकटपणा नसतो, थापायला घेतली की तुटते. त्याला इसबगोल घालून गरम पाण्याने उकड काढावी लागते आणि हे प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला फोनवर समजावावं लागतं. एका काकूंना मी तीनदा समजावलं. चौथ्यांदा त्यांनीच मला सुधारलं, आता मी त्यांच्या पद्धतीने सांगतो.

आठवडा असा जातो. बुधवारपर्यंत व्हॉट्सअॅपवर ऑर्डर घ्यायच्या, गुरुवारी भाजायचं-दळायचं, शुक्रवारी आणि शनिवारी स्कूटरवरून सांगली-मिरज फेरी. जवसाची, कारळ्याची, तिळाची चटणी, शेंगदाण्याचं कूट, बदामाचं पीठ आणि सोयाबीन-खोबरं-जवसाचं भाकरीचं पीठ, बस. चटण्या तर आपल्या आज्यांनी लो-कार्बचं नाव ऐकण्याआधीपासून केलेल्या आहेत, त्या समजावायला लागत नाहीत. पाकिटातला किटो चिवडा महिन्यात जेवढा जायचा नाही तेवढी कारळ्याची चटणी आता आठवड्यात जाते. लेबल लावतोच, त्यावर दळल्याची तारीख लिहितो आणि फ्रीजमध्ये ठेवून तीन आठवड्यांत संपवा असंही लिहितो.

आणखी एक गोष्ट दुकानात असताना लक्षात आली नव्हती. आपल्याकडे कार्ब कमी करणाऱ्यांत डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं ऐकून दोन वेळाच जेवणारे पुष्कळ आहेत. ते मधे काही खातच नाहीत. मग त्यांना बार आणि बिस्किटं विकायची कधी? त्यांना ताटात वाढता येईल असं काहीतरी हवं असतं, म्हणजे पीठ आणि चटणी. माझी निम्मी पक्की गिऱ्हाइकं त्यांतलीच आहेत.

"शाळूची भाकरी चालते ना?" हा प्रश्न दोन्हीकडे येतो. जतकडच्या माणसाला तर 'नाही' म्हणायला जीभ रेटत नाही. पण ज्वारीतही शंभर ग्रॅमला सत्तरच्या आसपास कार्ब आहेत, गव्हाच्या जवळपास. चोथा आहे, गुण आहेत, पण कार्ब कमी नाहीत. नाचणीचंही तेच. दुसरा हमखास प्रश्न: "मालक, हे खाल्ल्यावर गोळी बंद होईल का ओ?" इथे कुणीही चुकूनसुद्धा मान हलवू नका. मधुमेह बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने बंद आहे. कायद्याचं सोडा, मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू ठेवून एकदम कार्ब तोडले तर रक्तातली साखर धोक्याइतकी खाली येऊ शकते. मी आधी डॉक्टरांना विचारून या म्हणतो. काही जण परत येत नाहीत, चालायचंच.

ताज्या दळणाची मर्यादा तुमच्या हातांची असते. मला ताप आला की धंद्याला ताप येतो. घर आणि धंदा एकाच दाराने येतात, जेवायला बसलं की बेल वाजते. गुरुवारी यंत्राचा आवाज ऐकून वरचे भाडेकरू दिवाळीच्या फराळाची चौकशी करतात. आणि दिवाळी, लग्नसराई, आंब्याचे दिवस आले की सगळ्यांचं पथ्य सुटीवर जातं. फरक एवढाच की तेव्हा माझ्याकडे अख्खे बदाम पडून असतात. त्यांना कुणी उलटं करून तारीख बघत नाही.

त्यामुळे घरचा गाळा असेल, किंवा औषधाचं दुकान आधीपासून असेल आणि त्यात एक रॅक वाढवायचा असेल, तर पाकिटं ठेवायला हरकत नाही. निदान माल परत घ्यायची बोली लेखी घ्या, आणि पिठं टाळून गोडव्याच्या पुड्या ठेवा, त्या टिकतात. घरात भाजायला-दळायला दुसरं माणूस नसेल तरीही दुकानच सोयीचं पडेल. पण भाड्याचा गाळा, उसनं भांडवल आणि सांगलीएवढं गाव असा हिशेब असेल, तर मी तरी आधी दहा किलो जवस आणि एक बरी चक्की घेईन.

माझे काचेचे रॅक अजून मागच्या पडवीत उभे आहेत. कुणी पाकिटांचंच काढणार असेल तर स्वस्तात देईन. तारखांची वहीसुद्धा आहे, निम्मी कोरी. येताना टेम्पो मात्र तुमचा आणा.