बीजोत्पादकांचा सामाईक नकाशा : तीन हंगाम वापरल्यानंतर

मी हिरव्या नवलकोलाचं बी धरते. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल आणि केल ही सगळी एकाच प्रजातीची पिकं आहेत, त्यामुळे शेजारी कुणाचा लाल कोबी फुलला की मधमाश्या दोन्हीकडे फिरतात आणि संकर होतो. बी हातात घेतलं तर काहीच कळत नाही, तेच बारीक गोल काळपट दाणे. मला चार वर्षांपूर्वी कळलं ते ट्रेमध्ये. रोपं दोन पानांवर आली आणि मधूनमधून जांभळे देठ दिसायला लागले. अशी रोपं उपटून पांढऱ्या कागदावर ओळीनं मांडली, मोजली, आणि तो सगळा लॉट बियाण्यातून काढून टाकला. शेजाऱ्यांनी लाल कोबीचे थोडे गड्डे न काढता ठेवले होते. मी त्यांना सांगितलंच नव्हतं, तर त्यांना तरी कसं कळणार?

त्यानंतर आम्ही भागातले बीजोत्पादक ऑनलाइन नकाशाच्या सेवेत सामील झालो. पेरणीआधी आपल्या शेतावर टाचणी टोचायची, त्यात पीक, प्रकार, रंग आणि संकरित की सरळ वाण एवढंच भरायचं. वाणाचं नाव विचारत नाहीत, म्हणून करारावर बी धरणारेही मोकळेपणानं नोंद करतात. टाचणीभोवती विलगीकरण अंतराचं, म्हणजे संकर टाळायला दोन पिकांत ठेवायच्या अंतराचं, वर्तुळ पडतं. कोबीवर्गीयांना १००० ते १६०० मीटर लागतात, टोमॅटोला २५ ते ५० मीटर पुरतात. दोन वर्तुळं छेदली की दोघांनाही निरोप येतो.

दुसऱ्या हंगामात मला असा निरोप आला. माझ्यापासून ७०० मीटरवर ब्रोकोली होती, आणि त्यांची टाचणी माझ्या आधीची. मी फोन केला, अर्धा तास बोललो. त्या वर्षी मी माझी लागवड लांबच्या तुकड्यात नेली, पुढच्या वर्षी ते थांबले. सेवेचं खरं मोल मला या फोनमध्ये वाटतं, कारण बोलायची वेळ पेरणीआधी येते. एकदा फुलोरा आला की कुणाचं तरी पीक उपटावंच लागतं.

उणिवाही सांगते. फुलोऱ्याची तारीख भरायला जागा नाही, त्यामुळे महिनाभर पुढेमागे फुलणारी पिकंही धोक्याची दिसतात. बीट आणि पालकबीट यांचे परागकण वाऱ्यानं दूर जातात, पण वर्तुळ वाऱ्याची दिशा बघत नाही. परसबागा तर नकाशात नाहीतच. फुलावर आलेला एखादा विसरलेला गड्डाही पुरेसा असतो, म्हणून फुलोऱ्याच्या आधी मी आजही आजूबाजूला पायी फेरी मारते. मागच्या पिकातून उगवलेली रोपंही तेव्हाच उपटते.

तरीही बी धरणाऱ्या प्रत्येकानं यात यावं, कारण एकानं टाचणी टोचली नाही तर बाकीच्यांची वर्तुळं खोटी ठरतात. माझी या हंगामाची टोचून झाली आहे. दीड किलोमीटरवर एका नवीन शेतकऱ्यानं केल नोंदवलाय, त्यांना आज संध्याकाळी फोन करायचा आहे.